वाफेची जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

निवडलं आम्हाला! चिमणी फोन हातात घेऊन इस्त्रीच्या प्रेसच्या खोलीत धावत आली आणि ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचली. काय ओरडते आहे ते प्रेसच्या आवाजात कळेना. शेवटी मास्तरणीने लाल बटण दाबून प्रेसच थांबवली (तेही कामाची पाळी चालू असताना!) तेव्हा कुठे ऐकू आलं. हौशी संगीत महोत्सव, एक मार्च, रविवार. समूहगीत विभाग. गट क्रमांक चौदा: रुग्णालय धुलाई विभाग, तीन स्त्रिया.

तीन स्त्रिया म्हणजे आम्ही. मास्तरीण ओली चादर प्रेसवर पसरते. प्रेसचा गरम पाट खाली येऊन वर गेला की पलीकडून चिमणी आणि मी ती ओढून घडी घालतो. मास्तरीण काही खरी मास्तरीण नाही, पण घडी वाकडी दिसली की हातातून काढून घेते आणि परत घालायला लावते. चिमणीचा देह मूठभर आणि आवाज गल्लीभर. मला टोपणनाव नाही. मी ताई.

गाणं आमचंच आहे. दोन वर्षांत चादरींबरोबर जमत गेलेलं, कुठली ओळ कुणाची ते आता आम्हालाही सांगता येणार नाही.

टोकाला टोक, कडेला कड, धर गं सखे, धर
वाफ आली, वाफ गेली, घडी घडीवर

प्रेस ठेका धरते. धप्प! पाट खाली. सूऽऽऽ, वाफ. खट्, पाट वर. वाफ सुटते तेवढा वेळ कुणीच गात नाही, ऐकूच येत नाही तर घसा कशाला शिणवा! तिथे श्वास घ्यायचा. मास्तरीण तिला 'वाफेची जागा' म्हणते. गेल्या महिन्यात चिमणीने काम चालू असतानाच फोनवर रेकॉर्ड करून पाठवून दिलं होतं, आम्हाला न विचारता.

आज संयोजकांनी कळवलंय, 'साथीचा ठेका फार सुंदर आहे. वाद्य कोणतं? वादकाचं नाव कळवावं.'

हसून हसून चिमणी चादरींच्या ढिगावर पडली. मास्तरीण म्हणाली, "लिही. वादकाचं नाव प्रेस. वजन साडेआठशे किलो. स्वभाव गरम."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "कोण गाणार? तू?" चेष्टा नव्हती. नुसतं आश्चर्य होतं. चेष्टा परवडली असती.

लेक म्हणाली, "आई, तू मला झोपवतानाही कधी गायली नाहीस. नुसती पाठीवर थापटायचीस, धप् धप् धप्. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच झोपवतात." हसत हसतच म्हणाली, सतरा वर्षांची आहे, हसतच बोलते. मी भांडी पुसत राहिले. कोरडी झालेली भांडीसुद्धा पुसली.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकते एकदाचं. कुणाला सांगितलेलं नाही, कागदाला सांगायला काय हरकत आहे.

पाचवीत होते. शाळेचा समूहगानाचा कार्यक्रम होता. गाण्याच्या बाई रांगेतून फिरत होत्या, एकेकीच्या तोंडाशी कान नेत. माझ्यापाशी थांबल्या. पुढे गेल्या, परत आल्या. मग वाकून अगदी हळू म्हणाल्या, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं. दिसतेस छान, पहिल्या रांगेतच राहा."

ओरडल्या असत्या तर घरी येऊन रडले असते आणि विसरून गेले असते. गोड बोलल्या म्हणून आत राहिलं.

तेव्हापासून ओठ हलवते. छत्तीस वर्षं! वाढदिवस, शाळेतल्या पालकसभा, कुणाचा निरोपसमारंभ — जिथे चारजण मिळून गातात तिथे मी बरोबर श्वास घेते, मान डोलावते, शेवटच्या ओळीला डोळेही मिटते. आवाज मात्र नाही. तरबेज झाले आहे. लेक पाळण्यात असताना एकदा कडी लावून प्रयत्न केला होता. पहिल्याच ओळीला बाईंचा कान तोंडाशी आल्यासारखा वाटला. थापटायला लागले.

धुलाई विभागात लागले त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात कधीतरी लक्षात आलं की प्रेस चालू असताना माझ्या गळ्यातून काहीतरी निघतंय. या दोघी गायच्या आणि मीही. त्यांना माझं ऐकू येत नव्हतं, मलाही नव्हतं. मग कुणाच्या बापाची भीती!

तर मी गाते. म्हणजे गाते असं मला वाटतं. प्रेस बंद करून कधी तपासलेलं नाही.

आता तपासावं लागणार. प्रेस काही सभागृहात येत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रेसचा आवाज फोनवर वाजवून त्यावर गायचं, ही चिमणीची शक्कल. नियमावलीत बसत नाही. 'ध्वनिमुद्रित साथ चालणार नाही.' ठळक अक्षरात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सभागृहात तालीम. प्रत्येक गटाला दहा मिनिटं. भिंतींना जाड पडदे, खाली गालिचा. एवढी शांतता मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. माझ्या चपलेचा आवाज मलाच मोठा वाटत होता.

फजिती झाली आमची. धप्प नाही, खट् नाही, त्यामुळे चिमणी गाडी सुटल्यासारखी पळत सुटली. मास्तरीण तिला थोपवायला आणखी हळू. वाफेच्या जागेला तिघी थांबलो. किती वेळ थांबायचं? रोज वाफ थांबली की आम्ही सुरू करतो. इथे थांबायला वाफच नाही. तिघी तोंडं उघडी ठेवून उभ्या! समोर बसलेल्या गटातलं कुणीतरी खुसखुसलं.

संयोजक बाई भल्या आहेत. म्हणाल्या, "तुमच्या रेकॉर्डिंगमधले वादक नाही आले का?"

"त्यांना सुट्टी मिळत नाही," मास्तरीण म्हणाली.

परतताना तिने ठरवलं, आता ती पायाने ठेका देणार. धप्प उजवा पाय, खट् डावा. वाफेला मनात चार मोजायचे. बरोबर चार.

मी काय केलं ते इथे लिहिते. मी ओठ हलवले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ठरवून नाही, ती शांतता बघितली आणि गळा आपोआप मिटला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चिमणीला कळलंय.

घडी घालताना आम्ही समोरासमोर येतो, चादरीची टोकं जुळवायला अगदी जवळ. आज टोकं जुळवून ती हललीच नाही. प्रेसचा पाट वर होता, तेवढ्या वेळात म्हणाली, "ताई, शनिवारी तुमच्या बाजूने हवाच येत नव्हती."

"म्हणजे?"

"माणूस गायला की हवा येते. गालाला लागते. मास्तरीणबाईंची येत होती. तुमची नाही."

पुढे बोलायच्या आत धप्प! पाट खाली आला. मी वाचले असं वाटलं. पण जेवणाच्या सुट्टीत मास्तरणीने डबा उघडायच्या आत विचारलं. म्हणजे चिमणीने सांगून टाकलं होतं. मग मीही सांगितलं. बाई, रांग, ओठ, सगळं. छत्तीस वर्षांची गोष्ट दोन मिनिटांत संपली, याचंच जास्त वाईट वाटलं.

चिमणीचे डोळे भरून आले. मास्तरणीचे नाही. ती म्हणाली, "बरं. झालं ते झालं. आता दोन गोष्टी आहेत. गायचं असेल तर गा. नुसतं उभं राहायचं असेल तर सांग. दांडीवर वाळत घालायला आपल्याकडे चादरी पुष्कळ आहेत, तुझी गरज नाही."

चिमणी म्हणाली, "मास्तरीणबाई! असं बोलतात का?"

"मग कसं बोलायचं? गोड? गोड बोलणारी हिला एकदा भेटलीये."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गाणार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

युक्ती सुचली. स्वयंपाकघरातला पंखा पाचावर ठेवला की असा खडखडतो की बाहेरच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. गेली चार वर्षं दुरुस्त करायचा राहिलाय, बरं झालं. कामावरून आले, दार लोटलं, पंखा पाचावर केला आणि गायले. रोज एक आकडा कमी करायचा. पाच, चार, तीन, दोन, एक, बंद. सोमवारी बंद.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चारावर. जमलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल तीन, आज दोन. दोनावर पंखा नुसता गुरगुरतो. त्याच्या मागून एक आवाज यायला लागला. जाडसर, थोडा खरखरीत. दोनदा मागे वळून बघितलं, कोण आहे म्हणून. वेडी!

२३ फेब्रुवारी, सोमवार

पंखा बंद.

उभी राहिले. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली, चादरीची धरते तशी. तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. पंख्याचं बटण हाताच्या अंतरावर होतं. मी हात पाठीमागे बांधले. शाळेत बांधायचो तसे.

तिसऱ्यांदा निघाला.

पूर्ण गाणं म्हटलं. वाफेच्या जागेला चार मोजले, दुसरं कडवंही म्हटलं. संपलं तेव्हा कळलं की लेक दारात उभी आहे. किती वेळ कोण जाणे. तिने तोंडावर हात नाही ठेवला, मिठी नाही मारली, काही नाही. म्हणाली, "आई, दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ जरा खाली उतरते."

"किती?"

"थोडीच. पण उतरते."

म्हणजे बाई अगदीच खोटं बोलल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मी मोडून पडेन. उलटंच झालं. खाली उतरते ना? मग वर ओढू! ओली चादर वाळून आखडते तेव्हा आपण काय करतो, फेकून देतो का? पाणी मारतो आणि ओढतो. लेकीला ओट्यावर बसवलं. तिने बोट वर करायचं, मी ओढायचं. सतरा वेळा म्हटली ती ओळ. नवरा येऊन म्हणाला, "घामाघूम झाल्यात दोघी, पंखा बिघडला का?"

"नाही बाबा," लेक म्हणाली. "आम्हीच बंद केलाय. तुम्ही जा."

तो गेला नाही. पाण्याचा पेला घेऊन दारातच टेकला. एकही घोट प्यायला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत कपडे सुकवायच्या खोलीत तालीम. मास्तरणीचा पाय चालू — धप्प, खट्, धप्प, खट्. चिमणी आता पळत नाही. मी गायले. पहिल्या ओळीनंतर चिमणीने माझ्याकडे गाल केला आणि डोळे मिटून हसली. हवा लागली असावी.

मास्तरीण एवढंच म्हणाली, "हं. आणखी मोठ्याने."

२८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. निळी साडी. केस वर बांधणार. बाकी काही लिहायचं नाही, बसून राहिले तर विचार येतील.

१ मार्च, रविवार

गायले!! गायले, गायले, गायले.

आता नीट लिहिते.

विंगेत उभ्या होतो. आमच्या आधी तेरावा गट, बँकेतली माणसं, सगळ्यांचे सारखे सदरे. तेवढ्यात ध्वनीवाला आला, कानावर पेन्सिल, माणूस घाईत. म्हणाला, "बाई, तुमचं पाय आपटणं आत्ता विंगेत बघितलं मी. आज नका आपटू. मंच लाकडी आहे, माइक सगळं उचलतात. सभागृहात नुसता धाड धाड आवाज येईल."

मास्तरणीचा चेहरा मी पहिल्यांदा पडलेला पाहिला. "अहो, तो आमचा ठेका आहे," ती म्हणाली.

"मग मनात धरा की."

मनात! तिने चपला काढल्या, अनवाणी पायाने हलकेच आपटून बघितलं. तिला स्वतःलाही ऐकू येईना. चिमणी पांढरीफटक. म्हणाली, "नको जाऊया. मी सांगते पोटात दुखतंय म्हणून. खरंच दुखतंय."

आणि तेव्हा मीच बोलले, मी! "अजिबात नाही. सहा वर्षं रोज आठ तास ऐकलीये ती प्रेस. आणखी किती ऐकायची? डोळे मिटा, लागेल कानात." हे माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. जीभ अशी चालली होती जणू मी वर्षानुवर्षं मंच गाजवतेय.

गेलो. दिवे एवढे की समोर माणसं आहेत की खुर्च्या, काही दिसेना. मी मध्ये, मास्तरीण डावीकडे, चिमणी उजवीकडे. मी डोळे मिटले आणि प्रेस सुरू केली. खरंच लागली कानात! धप्प. सूऽऽऽ. खट्. इतकी मोठी, इतकी जवळ की वाफेचा वाससुद्धा आला. मग काय, मग मी घरचीच होते. पहिलं कडवं गेलं. वाफेची जागा, चार मोजले. दुसरं कडवं —

कोण निजलं, कोण उठलं, चादरीला काय ठाव
धुऊन आली, कोरी झाली, नाही कुणाचं नाव

ती ओळ उतरली नाही. मला कळलं की उतरली नाही! लेकीचं बोट दिसत होतं मिटल्या डोळ्यांना. आणि त्या कडव्यात तर काय झालं कोण जाणे, तिघींचा असा एकच आवाज लागला की माझा कुठला आणि त्यांचा कुठला ते मलाच वेगळं करता येईना. दोन्ही बाजूंनी दोघींनी धरून ठेवलंय असं वाटत होतं, भरल्या टोपलीला दोन कान असतात तसं. म्हणून घाबरले नाही. एकटी असते तर तिथेच खाली बसले असते.

टाळ्या झाल्या. बऱ्याच झाल्या. विंगेत आल्यावर मास्तरणीने माझा हात धरला तो सोडेचना, बोटं दुखायला लागली. चिमणी म्हणाली, "ताई, तुम्ही तर आज —" तिला मास्तरीण म्हणाली, "गप. तिला आधी पाणी पिऊ दे."

बक्षीस नाही. बँकवाल्यांना मिळालं. मिळू दे, सदरे छान होते.

आज मी आवाजासकट उभी होते. बस्स.

३ मार्च, मंगळवार

कामावर एकटीच. मास्तरीण दोन दिवस रजेवर, बहिणीकडे गेली आहे. चिमणीची पाळी बदलली. माझ्याबरोबर बदलीच्या दोघी, घडी घालतात पण गात नाहीत.

संयोजकांकडून पाकीट आलं. सहभागाचं प्रमाणपत्र आणि परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद. कागद मात्र चुकून दुसऱ्याच कुणाचा आलाय! त्यावर हाताने लिहिलंय, 'ठेका अस्थिर. शब्द ताजे. दुसरं कडवं पूर्णपणे एकाच आवाजाला देण्याची योजना धाडसी आणि परिणामकारक. हा आवाज वापरा.'

आम्ही तर काही कुणा एकीला दिलं नव्हतं. सगळं तिघींनी म्हटलं. दुपारी कार्यालयात फोन केला. पलीकडे कारकून होता.

"गट क्रमांक काय लिहिलाय?"

"चौदा."

"तुमचा कोणता?"

"चौदाच. पण कागद आमचा नाही हो, आमच्यात एकटं कुणी गायलंच नाही."

"मॅडम, चौदा म्हणजे चौदा," म्हणाला. मग माझ्या आवाजावरून दया आली असावी. "बरं, पाठवून द्या परत. बघतो."

पाकिटात घालून ठेवलाय. उद्या-परवा टपालात टाकते. कुठल्यातरी गटातली ती बाई वाट बघत असेल. आयुष्यात एकदा कुणीतरी असं लिहावं आणि ते भलतीच्याच घरी जाऊन पडावं! वाईट वाटतं.

५ मार्च, गुरुवार

लेकीने रविवारी सभागृहात फोनवर घेतलेला व्हिडिओ आज दाखवला. तिची परीक्षा होती, आधी वेळ झाला नाही. पहिलं कडवं तिघींचं. मग वाफेची जागा. चार मोजून मी सुरू करते. मास्तरीण नाही करत. तिचा अनवाणी पाय हवेत तसाच राहिलाय, ठेका हरवलाय. चिमणी तिच्याकडे बघते, मग दोघी माझ्याकडे बघतात. पूर्ण कडवंभर नुसत्या बघत उभ्या आहेत. मी डोळे मिटून गातेय.

तीनदा बघितलं. पाकीट फोडून कागद बाहेर काढला. तो परत पाठवायचा नाही.